चिठ्ठीचं वावर

हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या अशा काही दाबून भरलेल्या असतात, की रस्त्याकडे झुकलेली एकेक फांदी येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून आपला वाटा काढून घेते. दिवाळी सरली की दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या होतात. मी एसटीची काच सरकवते आणि सरकीचा तो कोमट, तेलकट वास आत येऊ देते. शेजारची बाई नाकाला पदर लावते. मला मात्र त्या वासाने एकदम परिशिष्ट आठवतं.

कापसाच्या वासाने माणसाला काहीही आठवावं, माहेर आठवावं, लहानपण आठवावं. परिशिष्ट आठवणारी मी एकटीच असेन. पण तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम माझ्या डोक्यात असाच बसलाय. एका हाताला बोंडांच्या टोकांनी पडलेले ओरखडे, दुसऱ्या हातात संशोधनाचा आराखडा, आणि त्या आराखड्याचं सगळ्यात शेवटचं पान.

तेव्हा मी पुलगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तास असला तर बाई, नसला तर कुणी नाही. पीएच.डी. करायची होती, आणि त्यासाठीची एक शिष्यवृत्ती अशी होती की मिळाली तर काही वर्षं दुसरं काही न करता नुसतं काम करता आलं असतं. तिला वयाची अट होती आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. फॉर्म भरायचा, त्याला संशोधनाचा आराखडा जोडायचा, तो पसंत पडला तर मुलाखत. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच नव्हती.

विषय मला घरच्या अंगणातच सापडला होता. आमच्या आंजी गावात, आणि आमच्याकडे सगळीकडेच, प्रत्येक वावराला, म्हणजे शेताला, नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, पण बोलताना कुणी नंबर सांगत नाही. पाटलाचं, तळ्याजवळचं म्हणून बोडीकडचं, जुन्या विहिरीचं, वाटणीचं. आमच्या खालच्या वावराला देशमुखाचं म्हणतात. ते पणजोबांनी कुणा देशमुखाकडून घेतलं होतं. देशमुख गेले, पणजोबा गेले, आजोबाही गेले, आम्ही दरवर्षी तिथे कापसाची पऱ्हाटी लावतो, आणि वावर अजून देशमुखाचंच आहे. मला याची लहानपणापासून गंमत वाटायची.

बाबांना विषय सांगितला तेव्हा ते तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"वावराचं नाव?" ते म्हणाले. "त्याच्यात पीएचडी होते?"

"होते."

"मंग आमी कवाचेच डॉक्टर झालो पाह्यजे होतो."

तरी दुसऱ्या दिवसापासून तेच मला संध्याकाळी पारावर घेऊन जायला लागले. पारावरची म्हातारी मंडळी खुशीत आली. नावांवरून वाद झाले, एका वावरासाठी तर दोघे तीन दिवस बोलत नव्हते. मी वहीभर नावं लिहून घेतली. मग आराखडा लिहायला बसले, आणि माणूस सरळ बोलतो ते वाकडं करून कसं लिहायचं हे शिकले. "नावं का पडली ते बघायचं आहे" हे वाक्य 'नामकरणामागील सामाजिक प्रेरणांचा शोध घेणे' या वेषात उद्दिष्टांमध्ये जाऊन बसलं. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, गृहीतकं, कार्यपद्धती, संदर्भसूची. एकेक मथळा लिहून झाला की मला उगाच शहाणं झाल्यासारखं वाटायचं.

माझे मार्गदर्शक वर्ध्याला असायचे. मितभाषी माणूस. आराखडा वाचून त्यांनी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या आणि एकाच जागी पेन्सिल टेकवली.

"ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"गावातल्या लोकांनी, सर."

"बरं," ते म्हणाले आणि सही केली. त्या 'बरं'मध्ये काहीतरी राहून गेलंय असं मला वाटलं, पण सही मिळाली होती, मी कशाला विचारू? शेवटच्या तारखेला सहा दिवस होते. त्या दिवशी मी घरी आले ती जिंकून आल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी सीतादही होतं. आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा असाच सुरू होत नाही. घरची बाई दहीभात घेऊन वावरात जाते, एका पऱ्हाटीला कापूस गुंडाळून तिची पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, थोडा चारी अंगाला शिंपडते, आणि मग बाया पाती, म्हणजे वेचायच्या ओळी, धरतात. मी कॉलेजच्या नावाखाली बरीच वर्षं हे टाळलं होतं. त्या दिवशी आईने दहीभाताचं गंज, म्हणजे पातेलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चाल. आता त सही झाली ना तुही."

आम्ही वरच्या वावरात गेलो. ऊन कोवळं होतं. पऱ्हाटीवरचं दव वाळल्याशिवाय वेचता येत नाही, म्हणून बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून होत्या. दहीभात सगळ्यांच्या ओंजळीत पडला. आंबटगोड दही, मिठाचा एखादा खडा, बोटांना चिकटणारी शितं, आणि समोर सगळं वावर फुटलेलं. हे सुख मी इतकी वर्षं का सोडून दिलं होतं कोण जाणे. मग कमरेला ओटी बांधून मीही पातीला लागले. माझी पात सगळ्यांच्या मागे. बोंडातून कापूस एका झटक्यात, पाचोळा न येता काढायचा असतो. माझ्या कापसात पाचोळाच जास्त होता. शेवंतामावशी, म्हणजे वेचणाऱ्या बायांमधली सगळ्यात जुनी, माझ्या ओटीत डोकावून म्हणाली, "पोरी, कापूस वेचून राह्यली का झाडून काढून राह्यली?"

सगळ्या हसल्या. हसत हसतच बायांचं उद्याचं ठरत होतं.

"उद्या अर्ध्या सावलीच्या वावरात जाचं."

"आन परवा?"

"परवा चिठ्ठीच्या वावरात."

माझे हात थांबले. ही नावं माझ्या वहीत नव्हती. पारावर एकानेही सांगितली नव्हती.

"मावशी, अर्ध्या सावलीचं म्हंजे कोनतं?"

"ते नाई का, बोडीकडचं. तिथं एकच निंब आहे. दुपारलोक सावली, मंग नाई. भाकर लवकर खा लागते तिथं."

मी तिथेच उभी राहिले. बोडीकडचं आणि अर्ध्या सावलीचं एकच वावर. माणसांनी ते कुठे आहे, कुणाचं आहे यावरून ओळखलं होतं. बायांनी ओळखलं होतं ते तिथे दिवस कसा जातो यावरून. पाण्याची घागर कुठे ठेवायची, लेकराची झोळी कुठे बांधायची, पाय कुठे रुततो, सगळ्याची नावं. एक आख्खं दुसरं गाव माझ्या गावात होतं आणि मी ते पारावर बसून शोधत होते, जिथे बाई कधी बसतच नाही. 'गावातल्या लोकांनी, सर.' मला माझीच लाज वाटली. मीही याच गावातली बाई होते आणि मलाही पारच आठवला होता.

"आन चिठ्ठीचं?" मी विचारलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई दोन पाती पलीकडे होती.

"तुमचंच त," शेवंतामावशी म्हणाली. "माणसं देशमुखाचं म्हनतात थे."

"चिठ्ठीचं काऊन?"

"वेच तू," आई म्हणाली. "काई नाई त्याच्यात."

त्या दुपारपुरतं तेवढंच. पण मी आईची मुलगी आहे, मला ओरखडा दिसला की खरवडायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी आई तूर निवडत बसली होती, मी समोर जाऊन बसले. पुष्कळ वेळ दोघीही निवडत होतो. मग तिने आपणहून सांगितलं, तुरीवरची नजर न काढता.

"बारावी झाली तवा दादानं डीएडचा फॉर्म भरला होता माह्या. मंग उन्हाळ्यात लगन झालं, मी इसरूनच गेलती. यादी उशिरा लागली. वेचाचे दिवस होते. दादा चिठ्ठी घेऊन सायकलनं थेट वावरातच आला. नंबर लागला म्हने, आठ दिवसांत ये."

"मंग?"

"मंग काय. बाया म्हने मोठ्यानं वाच. वाचली. सगळ्या म्हने, जाय वं, मास्तरीन होशील. मी ओटीत ठेवली चिठ्ठी आन वेचत राह्यली. संध्याकाळी ओटी खाली केली."

"आन चिठ्ठी?"

"कापसासंगं गेली."

मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. "आजोबा नाई म्हनले का?" मी शेवटी विचारलं.

"कोनीच नाई नाई म्हनलं," आई म्हणाली. "मी इचारलंच नाई कोनाले."

तेव्हापासून बाया त्या वावराला चिठ्ठीचं म्हणत आल्या होत्या. आधी चिडवायला, मग सवयीने. नव्या बाया आल्या, त्यांना कारणही ठाऊक नव्हतं, पण नाव ठाऊक होतं. तीस वर्षं हे नाव आमच्या धुऱ्यापर्यंत यायचं आणि आमच्या घरात शिरायचं नाही.

सर्वांत वाईट गोष्ट कबूल करते. आईचं ऐकून डोळे भरून आले होते हे खरं, आणि त्याच क्षणी डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं हेही खरं, की हाच तुझा आराखडा. संशोधक होण्याची सुरुवात बहुतेक अशीच होत असावी, एक डोळा ओला आणि दुसरा वहीवर.

चार दिवस उरले होते. सही झालेला, सगळीकडे बरोबरच्या खुणा असलेला आराखडा तयार होता. तो तसाच भरला असता तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. मी तो बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिलं. या वेळी वाक्यं वाकडी करायला वेळच नव्हता, त्यामुळे बरी झाली. सरांना फोन करायला मात्र दुपार गेली. झालेली सही मोडायला सांगायची म्हणजे काय बोलायचं? आईने दोनदा येऊन पाहिलं आणि म्हणाली, "इचार ना. खातात का थे तुले?"

सरांनी खाल्लं नाही. वर्ध्याला त्यांच्या घरी मी समोर बसले असताना त्यांनी नवा आराखडा सगळा वाचला, आणि पहिल्यांदा हसले.

"मी वाट बघत होतो," ते म्हणाले. "पण सांगितलं असतं तर तो माझा आराखडा झाला असता."

मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. परिशिष्टात एक नमुना नोंद द्यायची होती. एका वावराचं नाव, त्यामागची हकीकत, सांगणाऱ्या व्यक्तीची माहिती, आणि तिचं सही केलेलं संमतीपत्र. मी त्यांना चिठ्ठीच्या वावराची हकीकत सांगितली.

"हे परिशिष्टात आलं तर आराखडा कुणी बाजूला ठेवणार नाही," ते म्हणाले. "पण आधी आईंना विचारा. हे पान त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्या वाचत असताना मध्ये बोलू नका."

संमतीपत्र मीच टाइप केलं होतं. छापील नमुना असतो, त्यावरून. शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी मी ते आईपुढे ठेवलं. मला खात्री होती. आई माझी होती, शिष्यवृत्ती माझी होती, तिने कधी मला कशाला नाही म्हटलं होतं? तिने चष्मा लावला. सावकाश, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. एका ओळीशी बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा त्याच ओळीवरून फिरलं.

"हे काय आहे? माहिती देण्यास नकार देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे."

"तसं लिवा लागते."

"लिवा लागते का खरंच आहे? नाई म्हनता येते का याले?"

इतक्या शांतपणे तिने मला कधीच काही विचारलं नव्हतं.

"येते," मी म्हणाले.

"तुह्यं नुकसान होईन?"

खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. "होऊ शकते," मी म्हणाले. "पन तरी नाई म्हनता येते."

आईने चष्मा काढला. कागद माझ्याकडे सरकवला, हलक्या हाताने, घडी पडू न देता.

"मंग मी नाई म्हनतो," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मला राग आला का? आला. त्या चहाची चवही मला कळली नाही. माझं शेवटचं वर्ष होतं आणि माझी सख्खी आई एका छापील ओळीचा आधार घेऊन मला अडवत होती. पण चहा पिताना ती मला वेगळी दिसली हेही सांगायला हवं. पाठ ताठ करून बसलेली, घुटका घुटका घेणारी. घाई नव्हती तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंतामावशीकडे गेले, तिने खुशीने सही दिली, आणि परिशिष्टात अर्ध्या सावलीचं वावर गेलं. सरांना कळवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठीक. तेच भरा."

मुलाखत उन्हाळ्याच्या तोंडावर होती. वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, धुऱ्यांवर त्यांचे ढीग लागले होते. नागपूरला एका मोठ्या खोलीत, मोठ्या टेबलाच्या पलीकडे पाच जण होते. चौघांनी बरं विचारलं, बरं ऐकलं. पाचव्यांनी परिशिष्टाचं पान वर धरलं.

"झाडाची सावली दुपारपर्यंत पडते म्हणून अर्ध्या सावलीचं," ते म्हणाले. "चांगलं आहे. पण यासाठी एवढी वर्षं द्यायची? यातून मोठं काय हाती लागणार?"

"मोठी उदाहरणं आहेत, सर."

"एक सांगा."

सगळी हकीकत माझ्या जिभेवर होती. सायकल, ओटी, कापूस. दोन मिनिटांत सांगून झाली असती, आणि त्या खोलीत एकही माणूस हलल्यावाचून राहिला नसता, हे मला ठाऊक होतं.

"ते उदाहरण सांगता येणार नाही," मी म्हणाले. "माहिती देणाऱ्या बाईंनी नकार दिला आहे."

"लेखी नको हो. नुसतं तोंडी सांगा. इथे कोण लिहून घेतंय?"

"त्यांनी नाही म्हटलंय, सर."

त्यांनी पान खाली ठेवलं. पुढचा प्रश्न कुणीच विचारला नाही आणि मला जायला सांगितलं. परतीच्या गाडीत मी सेवाग्रामपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं? मी म्हणाले, बरं झालं. तिने पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. उन्हाळा संपता संपता यादी लागली. माझं नाव होतं. कशामुळे होतं ते मला आजही ठाऊक नाही.

तेव्हापासून मी आर्वीकडची, देवळीकडची, हिंगणघाटकडची वावरं बायांबरोबर फिरते आहे. पाचोळा न येता कापूस काढायला आता बऱ्यापैकी जमतं. कित्येक बायांनी मला नावं दिली, सह्या दिल्या, अंगठे दिले. काहींनी दिले नाहीत. आमच्या वावराचं पान मात्र माझ्या फायलीत कोरंच राहिलं. त्याबद्दल घरात कधी बोलणं निघालं नाही.

गेल्या आठवड्यात आमचं सीतादही झालं. बाया पुढे निघून गेल्या, आई आणि मी धुऱ्यावर मागे राहिलो. दह्याचं भांडं ती गवताने पुसत होती. का कोण जाणे, मी तिला नागपूरची ती खोली सांगितली. पाचवे गृहस्थ, वर धरलेलं पान, तोंडी सांगा म्हणाले ते, सगळंच.

आईचा भांडं पुसणारा हात थांबला.

"आन तू नाई सांगतलं?"

"नाई."

"मी कुठी ऐकाले होती तिथं?"

"नोतीस."

"आन मिळाली नसती त?"

"नसती मिळाली."

तिने वावराकडे पाहिलं. खाली बाया ओळीने पातीला लागल्या होत्या. शेवंतामावशीने लांबूनच आम्हाला हाक मारली. आईने भांडं पालथं घातलं, लुगड्याला हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"मंग लिव आता," ती म्हणाली.